बाटली क्रमांक सात

सातवी बाटली भिंगवाल्यांच्या हातून बेसिनमध्ये सांडली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात उमर गेल्यामुळे प्रयोगशाळेत सगळे त्यांना भिंगवालेच म्हणत. अकरा वर्षं हंगामी नोकरी, कायम करण्याचा कागद प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या टेबलावर सहीसाठी पडलेला, आणि नेमकी आजच बाटली हातातून निसटावी!

बाटलीत होते समुद्रात सातव्या जागी जाळ्यात आलेले प्लवक, तिळाहून लहान, कोळंबीच्या नात्यातले. घरच्या माशांना भिंगवाले जे सुकं खाणं घालत, त्या पुडीतही असलेच जीव. दिसायला सगळे सारखे. भिंगवाल्यांनी दुपारच्या सुट्टीत घर गाठलं, चिमूटभर पुडीतले आणले आणि भिजवून बाटलीत भरले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ पंधरवड्याने उघडली. जनुकांच्या तपासणीचा अहवाल घेऊन मॅडम धावतच आल्या.

"भिंगवाले, दिसायला एक, पण सहा बाटल्यांत दोन जाती निघाल्या! आणि सातवीत तिसरीच! जगात कुठेही नोंद नाही!"

"चूक झाली असेल, मॅडम."

"तीनदा तपासलंय. उद्या बोट काढू. सातव्या जागी पुन्हा जाळं टाकायचं."

भिंगवाल्यांना काही उमजेना. पुडीवर तर ठळक अक्षरांत 'एकच जात, शुद्ध' असं छापलेलं होतं. घरी जाऊन त्यांनी बायकोलाच विचारलं, "अगं, या पुडीत काय आहे?"

"माशांचं खाणं."

"तसं नव्हे. नक्की कोण आहे?"

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी बोटीवर मॅडमनी चाळीस बाटल्या भरल्या. नुसतं बघून काही कळणार नव्हतं, तेव्हा एकूण एक तपासायची होती. म्हणजे वर्षभराचं काम, तेही नसलेल्या जिवासाठी. एकेचाळिसावी बाटली पुढे आली आणि भिंगवाल्यांचा धीर सुटला.

"मॅडम, ती जात इथे नाही. आमच्या स्वयंपाकघरात आहे. फळीवर."

सगळं ऐकून मॅडमनी एकेचाळिसावी बाटली खाली ठेवली. "पुडीत नवीच जात आहे, हे पकडणाऱ्याला ठाऊक नाही, विकणाऱ्याला नाही, खाणाऱ्या माशांनाही नाही!"

"मासे तक्रार करत नाहीत, मॅडम."

"गप्प बसा! पुडी उरलीय का?"

"अर्धी आहे."

"जिवापाड जपा. आणि तुम्हाला मी निलंबित करणार."

पण कचेरीतल्या कारकुनाने मान हलवली. "हंगामी माणसाला निलंबित करता येत नाही. त्याला नुसतं काढून टाकतात."

काढून टाकावं, तर नव्या जातीच्या अर्जावर 'प्रथम कोणाला सापडली' हा रकाना होता आणि तिथे संस्थेतलाच माणूस लागत होता. मॅडमनी बराच वेळ डोकं धरलं आणि एकापाठोपाठ एक दोन कागदांवर सह्या केल्या.

भिंगवाले भर दुपारी घरी आले, तशी बायको दारातच आली. "अहो, काय झालं? कायम केलं का?"

"केलं."

"मग आज एवढ्या लवकर?"

"अगं, कायम केलं, म्हणूनच पंधरा दिवस घरी बसायचंय."