दाजी अ‍ॅपसाठी स्थळं बघतात

आमचे मालक दाजी कुठल्याही सॉफ्टवेअरला आधी त्याचं कूळ विचारतात. आचऱ्याच्या बंदरात उतरलेली मासळी कुडाळच्या घराघरांत पोचवणारं अ‍ॅप काढायचं म्हणून ते पुण्याची नोकरी सोडून गावी आले. ते अ‍ॅप कशात बांधायचं, हे मात्र अजून ठरायचंय. डाव्या तळहातावर लॅपटॉप तबकासारखा धरून दाजी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येरझाऱ्या घालतात. वायर पायात येऊ नये म्हणून ती उचलून मागोमाग मी, करवलीसारखा.

"पायथन? घराणां बरां, पण चाल सावकाश." चार फेऱ्या. "रिअ‍ॅक्ट? ह्यां एकटां येवचां नाय रे जालनेकर, अख्खां वऱ्हाड घेवन येतलां. पोसतलो कोण?"

तयार कोडच्या एका फुकटच्या लायब्ररीवर तर अख्खा आठवडा गेला, कारण ती परदेशातला एकच माणूस सांभाळतो. "उद्या तेका काय झालां तर?" दाजींनी त्याला मेल टाकून तब्येत विचारली. बिचाऱ्याचं उत्तर आलं, ठणठणीत आहे. दाजींचं समाधान नाही. "स्थळाकडचो तो, बरांच सांगतलो."

जालनेकर हे माझं आडनाव नव्हे. जालन्याहून आलो, एवढंच. शाळा नववीत सुटली. कुडाळला थर्माकोलच्या डब्यांच्या कारखान्यात होतो. दाजी मासळीसाठी डबे बघायला आले, तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत फोनवर प्रोग्रॅमिंगचे धडे गिरवत होतो. त्यांनी डबे घेतले नाहीत, मला घेतलं. दाखलासुद्धा विचारला नाही. हे उपकार मी विसरायचो नाही, पण धास्तीही जात नाही. दर सोमवारी नवं स्थळ आलं की माझी उजळणी पहिल्यापासून. त्यात काही अवघड पसंत पडलं, तर दाजी कुणी शिकलेला आणतील आणि मी परत डब्यांत.

परवा चालता चालता दाजी थबकले. "चल, कौल लावया."

इथे देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावून प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दाजींनी देवळात छापील यादीच नेली, सात नावांची. म्हाताऱ्या गुरवांनी ती लांब धरून बघितली आणि परत दिली.

"दाजी, देव होय नायतर नाय सांगता. यादी वाचणा नाय. तुका नेमकां काय होयां, तां इचार."

दाजींनी यादी घडी करून खिशात घातली. मग हळू बोलले, पण गाभारा लहान.

"बा देवा, आदल्या दोघांका शिकवलंय, ते पुण्याक गेले. आता ह्यो. अवघड घेतलां तर भियान पळतलो. सोपां घेतलां तर शिकतलो आनी जातलो. माका सगळां येता रे, पण एकट्यान होवचां नाय. ह्यो रवतलो काय, तेवढांच सांग."

मी खांबाला टेकलो. मला काढतील म्हणून मी झुरत होतो, आणि हा माणूस मी जाईन म्हणून फेऱ्या घालत होता!

गुरवांनी पाकळ्या लावल्या. तिघंही बघत राहिलो. एकही हलेना.

देवाला गाऱ्हाणं घातलं की मागच्या माणसानं होकार देऊन ते झेलायचं असतं, एवढं मला आता कळतं. मी पाकळीची वाट न बघता घसा साफ केला आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणालो, "होय म्हाराजा!"