खिडकी, उन्हाची, एक

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला साहेबांनी बिनचूकरावांना आत बोलावलं, तेव्हाच त्यांचा शनिवार-रविवार गेलेला होता. फक्त तसं त्यांना कळायचं बाकी होतं.

बिनचूकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सव्वीस वर्षांत एकाही कागदावर खाडाखोड केली नाही म्हणून कचेरीनं ते बहाल केलं होतं. (बढती देता आली नाही, की कचेऱ्या अशी नावं देतात.)

"सामानाच्या खोलीतल्या निकामी वस्तूंची यादी सोमवारी दहाला माझ्या टेबलावर हवी," साहेब म्हणाले. "यादी मंजूर झाली की खोली रिकामी करू आणि तुमचं टेबल तिथं हलवू."

त्या खोलीला खिडकी होती. अख्ख्या कचेरीत ऊन यायचं ते त्या एकाच खिडकीतून. बिनचूकरावांचं टेबल सव्वीस वर्षं स्वच्छतागृहाच्या दाराशी होतं आणि कुणीही आत जाताना त्यांना पोट आत ओढून घ्यावं लागे. खिडकीसाठी ते एकच काय, दहा रविवार द्यायला तयार होते. साहेबांनी मोजून दिलेली बावीस छापील पानं आणि दोनशे ऐंशी वस्तूंच्या चिठ्ठ्या घेऊन ते घरी आले.

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या गेल्या.

"अहो, जेवायचं कुठं?" बायकोनं विचारलं.

"मोडक्या पंख्यांच्या पलीकडे थोडी जागा आहे."

प्रत्येक पानावर चार रकाने होते: वस्तू, संख्या, स्थिती, शेरा. पहिल्या ओळीत बिनचूकरावांनी स्थिती 'निकामी' आणि शेरा 'मोडीत काढावे' असं वळणदार अक्षरात लिहिलं. मग खालच्या ओळींत तेच तेच लिहायला नको म्हणून बावीसच्या बावीस पानांवर, तळापर्यंत, आधीच डिट्टोच्या खुणा करून टाकल्या. यात त्यांचा एक तास वाचला. या तासाचं पुढे काय झालं ते कळेलच.

दुपारपर्यंत ते साठाव्या खुर्चीला पोचले.

"तुमचा चेहरा त्या यादीत घालण्यासारखा झालाय," बायको म्हणाली. "असं करा, दर वीस वस्तूंमागे उठा. जरा उन्हात बसा, चहा घ्या, माझ्याशी दोन शब्द बोला. अशा छोट्या सुखांवरच माणूस टिकतो."

"पण घेतलं की नाही, हे ध्यानात कसं राहणार?"

"सुख झालं की राहतं ध्यानात."

"नोंद नको?"

बायको चहाचं आधण ठेवायला उठली. मग म्हणाली, "करा बापडे नोंद."

घरात कोरे कागद होते, पण रकान्यांशिवाय बिनचूकरावांचा हात चालत नसे. एकवीस पानांत यादी बसणार होती, बाविसावं रिकामंच राहणार होतं. त्यावर त्यांनी नोंद केली: 'खिडकी, उन्हाची, एक.' मग 'चहा, गरम, दोन.' मग 'शीळ, अर्धवट, एक.' रविवारी दुपारी 'डुलकी, बसल्या जागी, एक' आणि संध्याकाळी 'पत्नीशी बोलणे, दहा मिनिटे.' शिस्त म्हणून क्रमांकही यादीच्या पुढचेच दिले. शनिवार-रविवार इतका सुखाचा गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं. शेवटी त्यांनी पानं मोजली. मिळाली होती बावीस. एकवीसच परत करणं त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून बावीस टाचली.

साहेब कुठलीही यादी मागच्या बाजूनं उघडत, आणि तीसुद्धा सहीला जागा आहे का, एवढंच बघायला. जागा होती.

बुधवारी अकराला चहा आला नाही.

"चहा मोडीत निघाला," शिपाई म्हणाला. "किटलीसुद्धा गेली."

"कुणी काढला?"

"तुम्हीच. क्रमांक दोनशे ब्याऐंशी. आणि मला शीळ घालायची बंदी झालीये, तीही तुमचीच कृपा."

बिनचूकरावांना बाविसाव्या पानावरच्या डिट्टोच्या खुणा आठवल्या. दोनशे ब्याऐंशीच्या आधी दोनशे एक्याऐंशी येतो. धावत ते सामानाच्या खोलीत गेले. खोली स्वच्छ, रिकामी होती, मधोमध त्यांचं टेबलही आलेलं होतं. समोर गवंडी खिडकीच्या जागी विटांचा शेवटचा थर लावत होता.

"अहो, थांबा."

"साहेबांची सही आहे," गवंडी म्हणाला. "आता उन्हाचं काय करायचं ते लिहिलेलं नाही, म्हणून ते मी बाहेरच ठेवलंय."

ते तसेच साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सव्वीस वर्षांत तुमची चूक झालेली नाही," ते म्हणाले. "आता झाली, असं लिहून देता? देत असाल तर विटा आत्ता काढतो."

बिनचूकरावांनी खिशातलं पेन काढलं. टोपण काढलं. पुन्हा लावलं.

"मग नवीन खिडकीचा प्रस्ताव द्या. तीन प्रतींत. सोमवारी दहाला."

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पुन्हा छापील पानं पसरली.

"दर वीस ओळींमागे उठणार ना?" बायकोनं विचारलं.

"उठून करू काय? ऊन, चहा, डुलकी, सगळं मोडीत निघालंय. माझ्याच अक्षरात."

"आणि माझ्याशी बोलणं?"

बिनचूकराव मान खाली घालून म्हणाले, "दोनशे पंच्याऐंशी."

"बरं झालं," बायको म्हणाली. "माझाही शनिवार-रविवार तुमच्यातच जात होता." आणि आपला चहा घेऊन ती खिडकीत, उन्हात जाऊन बसली.