तिसऱ्या किलोमीटरवरचा घातपात

‘गूढभेदक’ ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. वजनमापे खात्यातून निवृत्त होताना त्यांना एक छत्री आणि एक भिंतीवरचे घड्याळ मिळाले. पदवी कोणी दिली नाही, म्हणून ती त्यांनी घेतली. “मेहुणे,” ते म्हणत, “इतरांना तर्क करावा लागतो. मला तो होतो. जसं इतरांना पडसं होतं.” यावर मेहुण्याने मान डोलवावी, असा शिरस्ता होता. मेहुणा हा त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ. व्यवसायाने पुस्तकबांधणी करणारा आणि केवळ बहिणीच्या घरात शांतता नांदावी एवढ्याच हेतूने गूढभेदकांचा साहाय्यक.

प्रकरण दंतवैद्यांचे होते. त्यांच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीची जपानी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती: दोन सिलिंडर, चकचकीत धुराडी, आणि मागून येणाऱ्याला निळ्या धुरात न्हाऊ घालण्याची अफाट क्षमता. अशा गाडीचा मालक तिच्यावर जेवढा वेळ बसतो, त्याच्या दसपट वेळ तिच्याशेजारी उकिडवा बसतो. दंतवैद्य तर तिच्या चाकांचे आरे दात घासायच्या ब्रशाने साफ करीत. वरून खाली, जणू हिरड्या सांभाळून.

गेला दीड महिना ही गाडी तिसऱ्या किलोमीटरवर बंद पडत होती. नेमकी औषधविक्रेत्याच्या दुकानासमोर! दंतवैद्य घाबरून टाकीचे झाकण उघडत. आत पेट्रोल भरपूर. झाकण लावून किक मारली की गाडी सुरू. आणखी तीन किलोमीटरांनी पुन्हा ठप्प.

गूढभेदकांनी प्रथम औषधविक्रेत्याला धरले. त्याने एकदा ही गाडी विकत मागितली होती. “हेतू सापडला. तो हवेत गुंगीचं औषध सोडतो.”

“पण भाऊजी, गुंगी गाडीला येते, दंतवैद्यांना नाही.”

“कारण गाडी जास्त श्वास घेते.”

मेहुण्याने हे वहीत उतरवले. त्याच्याखाली त्याने भीतभीत लिहिले: ‘झाकण उघडताना फुस्स असा आवाज.’ गूढभेदकांनी त्यावर लाल रेघ ओढली. “उसासे ही नोंद नव्हे, मेहुणे.”

औषधविक्रेता आठवडाभर परगावी गेला, तरीही गाडी इमानाने तिथेच थांबली. तेव्हा गूढभेदकांची नजर मिस्त्रीवर गेली. आणि इथे प्रकरण हसण्यावारी नेण्याजोगे उरले नाही. बावीस वर्षे हा मिस्त्री केवळ कानाने ऐकून त्या दोन सिलिंडरांचा मेळ बसवीत होता. गावात ते दुसऱ्या कोणाला येत नव्हते. शिवाय दंतवैद्य दर रविवारी त्याच्या गॅरेजातल्या बाकावर बसून चहा पीत. पत्नी गेल्यानंतर ते जिथे मनमोकळे हसत, अशी ती एकच जागा उरली होती.

मिस्त्रीने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला. टाकी काढून ठेवून, दोरीला टांगलेल्या बाटलीतले पेट्रोल देऊन इंजिन तासभर चालवले. ते एकदाही बंद पडले नाही. “इंजिन ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “आता गाडी ठेवून जा. टाकीसकट बघतो.”

“ठेवून जा!” गूढभेदक गरजले. “गाडी बंद पडून कोणाचं भलं होतं? जो ती चालू करतो त्याचं!”

त्यांनी तीन खर्डे करून मिस्त्रीला एक आरोपपत्र लिहिले. दंतवैद्यांनी डोळे मिटून त्यावर सही केली. उत्तरादाखल मिस्त्रीने आपल्याकडे असणारी गाडीची दुसरी किल्ली पाकिटात घालून परत पाठवली. सोबत एक ओळही नव्हती. दंतवैद्य ती किल्ली खिशात घेऊन हिंडू लागले आणि रविवारी घरातच बसू लागले.

अशाच एका रविवारी गूढभेदक मेहुण्याला घेऊन त्यांच्या घरी विजयाचा अहवाल वाचून दाखवायला आले. शेजारी दंतवैद्यांची सून तान्ह्या मुलीला बाटलीने दूध पाजत होती. मुलगी चोखता चोखता अचानक थांबली आणि किंचाळली.

“बाई, जरा शांतता. तिसरं प्रमेय चाललंय.”

“काका, हिला तुमचं प्रमेय नकोय, दूध हवंय.” सुनेने बाटलीचे झाकण किंचित सैल केले. ‘फुस्स’ झाले. मुलगी पुन्हा पिऊ लागली. “आत हवा गेली नाही की दूध येत नाही. दिवसातून सहादा हेच.”

मेहुण्याने वही उघडली आणि लाल रेघेखालची ओळ तिला दाखवली. ती बाळाला कडेवर घेऊन अंगणात गेली आणि टाकीचे झाकण काढून उलटेपालटे करू लागली.

“बाबा, हा पांढरा ठिपका कसला?”

दंतवैद्यांचा चेहरा त्या ठिपक्याहूनही पांढरा झाला. “पॉलिश करताना बारीकसं भोक दिसलं होतं,” ते पुटपुटले. “मला वाटलं, कीड. मी... भरून टाकलं.”

“दाताचं सिमेंट?”

“उत्तम प्रतीचं.”

“माझ्या यादीत हाच एक तर्क उरला होता,” गूढभेदक म्हणाले. कोणी मान डोलावली नाही.

दंतवैद्यांनी स्वतःच्या हाताने ते भोक कोरून मोकळे केले. मग ते गाडीवर आणि मागोमाग मेहुण्याच्या स्कूटरवर गूढभेदक, असे सारे गॅरेजकडे निघाले. औषधविक्रेत्याचे दुकान आले, मागे पडले. गाडी थांबली नाही. गॅरेजपाशी पोहोचल्यावर दंतवैद्यांना गाडी बंद करायचे सुचेना. ते दारातच उभे राहिले.

“चूक माझी. भोक मीच बुजवलं. आणि सहीही मीच केली.”

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला नाही. “पत्र झकास होतं. ‘मैत्रीच्या वंगणात मिसळलेली विश्वासघाताची वाळू’, हे तुमचं?”

“छे!” गूढभेदक लगबगीने पुढे झाले. “ते माझं. तिसऱ्या खर्ड्यात सुचलं.”

“असं का. मग तुम्ही बाहेरच थांबा.” मिस्त्रीने कान टवकारून क्षणभर ऐकले आणि दंतवैद्यांकडे न पाहता म्हणाला, “डावं सिलिंडर मागे पडतंय. इतके दिवस काय केलंत हिचं? घ्या आत.”

दंतवैद्यांनी गाडी आत घेतली, खिशातली किल्ली काढून फळीवरच्या खिळ्याला अडकवली आणि चहा सांगितला. मेहुणा बाकाच्या टोकाला टेकला.

“मेहुणे! चला!” बाहेरून हाक आली.

इंजिनाच्या आवाजात ती आपल्याला ऐकू आली नाही, असे मेहुण्याने ठरवले.