चौथ्या मजल्यावरचा गारठा

आमच्या इमारतीच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर उन्हाळ्यात फार गरम होतं, अशी तक्रार आली तेव्हा समितीने ती गांभीर्याने घेतली. गांभीर्याने म्हणजे, पुढच्या बैठकीत घेऊ असं ठरवलं. तोवर पारा चढत राहिला. पण पारा आमचा सभासद नसल्यामुळे त्याला नोटीस काढता येत नव्हती.

तक्रार चौथ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंची होती. मागणी साधी: गच्चीवर बांबू उभे करून हिरवी जाळी बांधायची, तीही स्वतःच्या खर्चाने. घरात सासूबाई. त्यांना उष्म्याने भोवळ आली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, एकतर घर थंड करा, नाहीतर यांना धाकट्या मुलाकडे हलवा. सासूबाई जायला तयार नव्हत्या आणि ताई पाठवायला तयार नव्हत्या. दिवसभर भांडायला हक्काचं माणूस काय बाजारात मिळतं?

अध्यक्ष निवृत्त भूगोल शिक्षक. राहायला तळमजल्यावर, पण दृष्टी जागतिक. त्यांना सगळे सर म्हणतात. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या डोक्यावर आणखी दोन मजले असल्यामुळे माझी भूमिका तटस्थ आणि थंड होती.

"ताई," सर म्हणाले, "जगात कुठेही हवेचं तापमान ठरतं ते अक्षांशावरून, उंचीवरून, समुद्राच्या अंतरावरून आणि वाऱ्यांवरून. यात गच्ची कुठेच येत नाही. आता उंची घ्या. जसजसं वर जावं तसतशी हवा गार होत जाते. बर्फ डोंगरमाथ्यावर असतो, पायथ्याशी नसतो. त्या न्यायाने इमारतीतलं सगळ्यात गार घर तुमचं."

"मग माझा घाम गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर का ठिबकतो?"

"घाम ही वैयक्तिक बाब आहे," चिटणीस म्हणाले, आणि इतिवृत्तात तसं लिहिलंही.

पुढच्या बैठकीला ताई भिंतीवरचा तापमापक काढूनच घेऊन आल्या. सरांनी तो उलटसुलट करून पाहिला. हवेचं तापमान सावलीत, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर मोजायचं असतं, असं त्यांनी सांगितलं. ताईंच्या घरापासून जमीन बरीच लांब होती. म्हणून मग जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी मोजणी झाली आणि तिथे जो सुखद आकडा आला तो संपूर्ण इमारतीचा म्हणून फलकावर लावण्यात आला.

"मग मी जिन्याखालीच राहायला येते की," ताई म्हणाल्या.

"जिन्याखाली राहणं नियमबाह्य आहे."

"अहो, तुम्हा सगळ्यांच्या एसींची गरम हवा माझ्या खिडकीत घुसते!"

"फक्त उन्हाळ्यात ना? मग ते मोसमी वारे. त्यांना कोण अडवणार? उलट पाण्याच्या टाक्या तुमच्या डोक्यावर आहेत, म्हणजे तुम्हाला समुद्रकाठचं हवामान. नशीबवान आहात."

"टाकीतल्या पाण्याने हात पोळतो, सर."

"उष्ण सागरी प्रवाह," सर समाधानाने म्हणाले.

राहता राहिली जाळी. ती ऊन अडवणार, म्हणजे तो एक प्रकारचा ढग झाला. आणि ढगांना परवानगी देण्याची तरतूद आमच्या नियमावलीत नाही.

ताईंनी हात टेकले. "ठीक आहे. माझं घर गार आहे ना? मग ज्यांना गारवा हवाय त्यांनी माझ्याशी घर बदलावं."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पत्नीला थंडी बाधत होती. चिटणिसांना सर्दीचा जुना त्रास निघाला. मला उंचीची सवय नव्हती. शेवटी तोडगा म्हणून प्रत्यक्ष पाहणी करायचं ठरलं.

पाहणीला भर दुपारी सर स्वेटर घालून आले. सिद्धांताशी इतका प्रामाणिक माणूस विरळा.

"या, या," सासूबाई पलंगावरूनच म्हणाल्या. "अगंबाई, नुसत्या स्वेटरवर? सूनबाई, सरांना ते जाड ब्लँकेट दे."

"नको, नको, आजी."

"नको कसं? वर हवा गार असते म्हणे."

सरांनी ब्लँकेट गुंडाळून घेतलं. पाचच मिनिटांत त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून धार लागली. चिटणिसांनी 'वातावरण आल्हाददायक' असं लिहिलं, पण घामाने शाई फिस्कटली, म्हणून पुन्हा लिहिलं.

"सर, तुमचं अगदी पटलं बघा मला," सासूबाई म्हणाल्या. "हा इथला गारठाच बाधतोय मला. खाली कसं उबदार असतं, तुम्हीच म्हणता. तेव्हा उन्हाळा संपेपर्यंत मी तुमच्या पुढच्या खोलीत राहते. पिशवी भरून ठेवलीये."

"पण आजी..."

"पण काय? तळमजला गार आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

सरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे पंख्याकडे बघू लागलो.

सासूबाई सरांच्या पुढच्या खोलीत, एसीखाली, छान रुळल्या. सरांच्या पत्नीच्या भाजीत मीठ किती असावं, इथपासून सरांनी सकाळी किती वेळ पेपर वाचावा, इथपर्यंत त्यांनी लक्ष घातलं. ताईंनाही वर चैन पडेना. मशीन थांबवून त्या रोज खाली येत, सासूबाईंशी कडकडून भांडत आणि हलक्या मनाने वर जात. भांडण सरांच्या सोफ्यावर होई. सर बाल्कनीत उभे राहत.

आठवड्याभरातच सरांनी तातडीची बैठक बोलावली. चौथ्या मजल्यावरील कडाक्याच्या थंडीपासून ज्येष्ठ नागरिकांचं रक्षण व्हावं म्हणून गच्चीवर ऊबदायक जाळी बांधण्यास एकमताने मंजुरी देण्यात आली. ढगांचं काय, असं मी विचारलं. उबेसाठी बांधलेला ढग हा ढग नसून पांघरूण असतं, असा खुलासा सरांनी केला.

जाळी चढली. ताईंचं घर निवलं. सासूबाई पिशवी घेऊन वर गेल्या आणि दार उघडताच पहिलं वाक्य बोलल्या, "कसलं गं घर ठेवलंयस हे?" ताईंचा चेहरा असा फुलला की बघत राहावं.

सरही पाठोपाठ वर आले होते. या खेपेला स्वेटर नव्हता. खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी गारवा अंगावर घेतला आणि आमच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. "काय म्हणत होतो मी? वर गारच असतं."

आम्ही मान डोलावली आणि आपापल्या मजल्यावर परतलो.

तुम्हाला हे वाचून हसू आलं असेल, तर तुम्ही शेवटच्या मजल्यावर राहत नाही हे उघड आहे. तुमच्या वर राहणाऱ्यांनी मागच्या बैठकीत काय मागितलं होतं, आठवतंय?