मिलिग्रॅमच्या घरचा पंखा

घरचा पंखा चांगला चालू होता. तो दुरुस्त करण्यात आला आणि तिथून सगळं बिनसलं.

दुरुस्त करणारा गृहस्थ क्षेपणास्त्रांची इंजिनं तोलायच्या कामावर होता. लहानशी टर्बोफॅन इंजिनं, दोघांनी सहज उचलावीत एवढी. पोटात एक पंखा, मिनिटाला हजारो फेऱ्या घेणारा. त्याचं एखादं पातं केसभर जड निघालं तरी अख्खं इंजिन थरथरतं. रात्रपाळीला, बाकीची यंत्रं निजली की, हा ते जडपण शोधून हलक्या हाताने घासून काढी. कारखान्यात त्याला मिलिग्रॅम म्हणत.

ही इंजिनं आयुष्यात एकदाच उडतात. दहा-दहा वर्षं पेटीत झोपून राहायचं आणि बोलावणं आलं तर तासाभरात संपायचं. मिलिग्रॅमला मनापासून वाटे, बोलावणं येऊच नये. आपण तोललेलं प्रत्येक इंजिन पेटीत सुखाने घोरत पडलंय, असं स्वप्न तो उघड्या डोळ्यांनी पाहत बसे.

पण या खेपेचं सातवं इंजिन पेटीपर्यंत पोचेना. चाचणीत दोनदा कंप मोजणारा काटा थरथरला.

"शुक्रवारी तिसरी चाचणी, आणि शेवटची," चाचणीप्रमुख म्हणाले. "नाही जमलं तर तोलायला नवं यंत्र येईल, आणि तुम्ही पेट्यांना खिळे ठोकायला जाल."

हे त्याने घरी सांगितलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या करत होती. तिने नुसतं वर बोट दाखवलं. वर पंखा फिरत होता. खड-खड-टक्. खड-खड-टक्.

"बारा वर्षं ऐकतेय मी हे. तिकडे मिलिग्रॅम मोजता आणि घरी हे असं. दिव्याखाली अंधार."

बोलणं वर्मी लागलं. रविवारी त्याने पंखा उतरवला, पाती एकेक करून तोलली, एका पात्याला नखाएवढा शिशाचा तुकडा चिकटवला आणि पंखा परत टांगताना छतातल्या हुकाचा बोल्टही आवळला. आता पंख्याचा वारा तेवढा अंगाला लागे, बाकी चाहूल नाही.

सोमवारी दुपारी घर नेहमीसारखं आडवं झालं. मिलिग्रॅम रात्रपाळीची झोप भरून काढायला, बायको सकाळच्या शाळेत शिकवून आल्यावर जरा पाठ टेकायला, आणि तिचे वडील सवयीने. पाचच मिनिटांत सासरे उठून बसले.

"पंखा कोणी बंद केला?"

"चालू आहे, बाबा. बघा ना वर," मिलिग्रॅम म्हणाला.

सासऱ्यांनी बराच वेळ पाहिलं. "फिरतोय, जावईबापू. पण चालू कुठंय?"

मग त्या शांततेत घरातलं एकेक बोलू लागलं. नळ टपकत होता, बहुधा बारा वर्षं टपकत असावा. त्याचा वायसर बदलला तर घड्याळ ऐकू आलं. घड्याळ कपाटात ठेवलं तर कपाट टिकटिकू लागलं. बायकोने कानात कापूस घातला तर तिला स्वतःचं काळीज ऐकू येऊ लागलं.

"आणि अहो, तुमचा जरा डोळा लागला की तुम्ही बोलता," ती मंगळवारी म्हणाली. "'अजून दोन मिलिग्रॅम काढ, अजून दोन.' मला वाटलं, माझ्या वजनावर बोलताय."

त्यानंतर तो डोळा लागू द्यायलाही घाबरू लागला. बुधवारी रात्री त्याच्या हातातली कानस थरथरली. काटा थरथरतोय की आपण, हेच त्याला कळेना, आणि पहिल्यांदाच त्याला पेट्यांचे खिळे स्पष्ट दिसले.

गुरुवारी दुपारी त्याने मुकाट्याने शिशाचा तुकडा काढला. सासरे गाणं ऐकायला बसावं तसे डोळे मिटून पडले.

"खड-खड आलं. टक् नाही आलं."

त्याने पात्याला साबणाचा तुकडा लावली.

"हे टुक् झालं. आपलं टक् होतं."

"बाबांचं बरोबर आहे," बायको म्हणाली. मग त्याने कपड्यांचा चिमटा लावून पाहिला. तो उडून सासऱ्यांच्या पोटावर पडला, पण ते रागावले नाहीत. ते विचारात होते.

"जावईबापू, टक् पात्यात शोधू नका. ते पात्यातनं येतच नव्हतं. वरनं यायचं, छतातनं."

बोल्ट! रविवारी आवळलेला. मिलिग्रॅम पाना घेऊन स्टुलावर चढला.

"तो सैल केलात तर झोप लागेल," बायको खालून म्हणाली, "पण तिघांना कायमची."

तो थांबला, पण तिच्या बोलण्याने नव्हे. पाना तसाच हातात धरून तो छताकडे बघत राहिला.

"इंजिनात नाहीच ते," तो हळूच म्हणाला. "ज्याला टांगलंय त्यात आहे." आणि चहासुद्धा न घेता कारखान्याकडे निघाला.

चाचणीच्या खोलीत इंजिन ज्या सांगाड्याला टांगतात, त्याचा मागचा एक बोल्ट अर्धा आटा सैल निघाला. सातवं इंजिन बिचारं पहिल्यापासून निर्दोष होतं. त्याने बोल्ट आवळला, रात्रभर उरलेलं काम उरकलं आणि सकाळी जाड काचेच्या अलीकडे एका खुर्चीत जाऊन बसला.

इंजिन सुरू झालं. भिंतीतून, फरशीतून, खुर्चीच्या पायांतून घनगंभीर घरघर येऊ लागली. पाच मिनिटं चाचणीप्रमुखांची नजर काट्यावर होती. काटा चिकटवल्यासारखा स्थिर होता.

"पास," चाचणीप्रमुख म्हणाले. त्यांनी इंजिन बंद केलं आणि अभिनंदनासाठी हात पुढे करून ते वळले.

खोलीत शांतता पसरली. खुर्चीतला मिलिग्रॅम दचकून जागा झाला आणि चिडून म्हणाला, "पंखा कोणी बंद केला?"