एव्हान्थियाबाईंचा गीझर

अथेन्समधला उन्हाळा कसा काढावा हे आपल्याइतकं कोणालाच कळत नाही, असं एव्हान्थियाबाईंचं नम्र मत होतं. म्हणूनच कोपनहेगनचे प्राध्यापक टॉर्किल जुने शिलालेख वाचायला तीन महिने त्यांच्या घरी भाड्याने आले, तेव्हा बाईंनी किल्लीच्या आधी चार पानी सूचना त्यांच्या हातात ठेवल्या.

"सकाळी नऊला खिडक्यांच्या झडपा बंद. संध्याकाळपर्यंत घर गुहेसारखं ठेवायचं. भर दुपारी जुन्या देवळांची टेकडी चढायची नाही. वरचे दगड अडीच हजार वर्षं थांबलेत, आणखी चार तास थांबतील. नियम सात, दुपारी तीन ते साडेपाच शांतता. फोन बंद. बेल वाजली तरी दार उघडायचं नाही. त्या वेळी बेल वाजवणारा माणूस सभ्य नसतोच!"

"आणि हे लाल शाईत काय आहे?"

"गीझर! आंघोळीआधी वीस मिनिटं चालू, मग लगेच बंद. बाहेर पडताना बटण दोनदा बघायचं. हे घर बाबांनी मला लग्नात दिलंय. जळलं तर दुसरे बाबा कुठून आणू?"

प्राध्यापकांनी मान डोलावली. डेन्मार्कचा माणूस, लिहिलेलं पाळणारच.

तीनच्या बोटीने बाई आणि त्यांचा नवरा प्रोड्रोमोस सिफनोस बेटाकडे निघाले. बंदर मागे पडलं. बाईंनी थंड कॉफीचा पहिला घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला.

"प्रोड्रोमोस, सकाळच्या आंघोळीनंतर गीझर बंद केलास ना?"

"केला असेन. तू नाही केलास?"

"तू केला असशील म्हणून मी नाही केला!"

"अगं, मग ते प्राध्यापक आहेत की घरात. फोन लाव."

फोन बंद. नियम सात!

शेजारच्या बाकावरचे आजोबा सगळं ऐकत होते. त्यांनी हळूच बायकोला विचारलं, "आपला?" आजींचा चेहरा पांढराफटक पडला. पाच मिनिटांत निम्मा डेक कानाला फोन लावून उभा होता आणि पलीकडे अख्खं अथेन्स फोन बंद करून घोरत होतं.

बाईंच्या बहिणीचा नवरा स्ताथिस तेवढा जागा सापडला. तो टीव्हीचा आवाज बंद करून जुना फुटबॉल सामना बघत होता.

"स्ताथिस, पळ! फोन चालूच ठेव!"

स्ताथिसने बेल वाजवली. मग दार ठोकलं. मग लाथा घातल्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल पायजम्यात जिना उतरून आले.

"चार वाजलेत! लाज नाही वाटत?"

"कर्नलसाहेब, आत गीझर चालू आहे आणि माणूस दार उघडत नाही."

"उघडत नाही?" कर्नल गंभीर झाले. "म्हणजे गेला!" आणि त्यांनी थेट अग्निशमन दलालाच बोलावलं.

बोटीवर बाईंना फोनमधून आधी सायरन ऐकू आला, मग बूट, मग कुऱ्हाड. "अरे, सागवानी दार आहे रे ते!" त्या ओरडल्या. तोवर नव्हतं.

आत प्राध्यापक अंधारात, बनियनवर, हात छातीशी जुळवून उताणे पडले होते. डोळे टक्क उघडे!

"अहो, जिवंत आहात तर ओ द्यायला काय झालं होतं?" कर्नल गरजले.

"सगळं ऐकू येत होतं," प्राध्यापक कुजबुजले. "पण साडेपाच वाजले नव्हते."

"आणि गीझर?" बाई फोनमधून किंचाळल्या.

"बंद," स्ताथिस म्हणाला. "बर्फासारखा गार."

डेकवर टाळ्या पडल्या. बाईंनी अखेर पाठ टेकली.

सातच्या सुमाराला प्राध्यापकांचा फोन आला. "बाई, सुताराने दार ठोकूनठाकून उभं केलं, नवं कुलूप बसवलं. किल्ली माझ्या खिशात आहे. मी पाणी तापवून आंघोळ केली. आता ट्रॅमने पोहायला निघालोय."

"छान! बटण?"

"बंद केलं. दोनदा बघितलं."

"शाब्बास!"

ट्रॅम खडखडत पुढच्या थांब्याकडे निघाली.

"म्हणजे, बघितलं हे नक्की," प्राध्यापक हळूच म्हणाले. "पण बंद बघितलं का?"

बाईंना काही सांगावं लागलं नाही. प्रोड्रोमोसने आपला फोन काढून नंबर लावलासुद्धा.

"स्ताथिस, सुतार फार लांब गेला नसेल तर हाक मार."