देवाशी नाही, घंटेशी

आमच्या गल्लीत मेश्रामांशी हळू आवाजात बोलण्याची सोय नाही. तुम्ही जाता जाता सहज "नमस्कार मेश्रामभाऊ" म्हणालात की ते स्कूटर थांबवतात, स्टँडवर लावतात, कपाळाला आठ्या घालतात आणि अर्ध्या प्रताप नगरला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "काय? जोरात बोल गा! आवाज का घरी ठेवून आला?" मग तुम्हाला दुसरा नमस्कार ओरडून करावा लागतो. समोरच्या बंगल्यातला कुत्रा उठून भुंकतो. मेश्राम मात्र उलट नमस्कार न करताच स्कूटरला किक मारून निघून जातात.

मला या माणसाचा राग येतो हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द बोललो, तर ते नाइलाजाने बोललो असं समजावं. पस्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. वर्गात पोरांना 'हळू बोला, हळू बोला' सांगण्यात घसा झिजवला. आणि निवृत्तीनंतर नशिबात शेजारी कोण, तर हा!

मेश्रामांची सगळी नोकरी हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर गेली. सहा वर्षांपूर्वी ते रिटायर झाले. "मशीननं खाल्ले माये कान," असं ते गेली दोन वर्षं छाती पुढे काढून सांगतात. मी कधी सहानुभूतीने "कानाचं मशीन का लावत नाही?" असं विचारलं, तर अंगावर येतात. "काहून लावू? तुमाले जोरात बोलाले का पैसे पडतात?"

आणि एवढा खडूस माणूस बायकोला घेतल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही. कुसुमवहिनी मेश्रामांच्या खांद्याएवढ्या, गोऱ्या, हसऱ्या. कुणी काही म्हटलं की "हो ना, भाऊजी" म्हणतात आणि हसतात. मला वाटायचं, काय सोशीक बाई आहे! हा माणूस भर रस्त्यात "कुसुम! बस वं मागं! पदर सांभाळ!" म्हणून ओरडतो आणि ही हसत बसते. दुसरी असती तर स्कूटरवरून उतरून माहेरी गेली असती.

माहेर खाप्याचं. शेतकरी घर, घरात मारुतीची भक्ती. इकडे मेश्रामांच्या वडिलांनी छपन्न साली नागपुरात दीक्षा घेतलेली. लग्न झालं तेव्हा दोन्ही घरांनी पुष्कळ दिवस तोंड फिरवलं होतं. त्या वेळी या दोघांत एक करार झाला होता म्हणे. "तुया शनिवार मी मोडणार नाही, माई पौर्णिमा तू मोडू नको." तो दोघांनीही पाळला. शनिवारी संध्याकाळी मारुती, पौर्णिमेला विहार आणि रविवारी सकाळी चौकातल्या ठेल्यावर तर्री पोहे. तिन्ही ठिकाणी जोडीने जायचं आणि तिन्ही ठिकाणी मेश्रामांनी भांडण करायचं.

पोह्याच्या ठेल्यावरचं भांडण मी दर रविवारी पाहतो. पोहेवाला बिचारा मान खाली घालून कढईतला तिखट लाल रस्सा, म्हणजे तर्री, ढवळता ढवळता विचारतो, "किती टाकू?" की झालं सुरू. "कोणाले विचारून राहिला गा, कढईले? तोंड वर कर. इकडं पाह्य. आता बोल, जोरात!" मग पोहेवाला मान वर करतो, सरळ वहिनींकडे बघतो आणि कोंबडा आरवावा तसा ओरडतो, "वहिनी, तर्री किती?" वहिनी लगेच सांगतात, "यायच्या प्लेटीत जास्त, माह्या प्लेटीत कमी." आजूबाजूचे चार लोक हसतात. मेश्राम त्या चौघांकडे असे बघतात की ते आपापल्या प्लेटीत तोंड घालतात.

वैशाख पौर्णिमेला मला विहारात खिरीचं आमंत्रण असतं. खीर वहिनींनी केलेली असते आणि मी खिरीला नाही म्हणत नाही. पांढऱ्या साडीत वहिनी वंदनेला बसतात. पाठांतर चोख, पण सगळ्यांच्या अर्धा ठेका मागे आणि आवाज सगळ्यांच्या वर. गेल्या वर्षी पुढच्या ओळीतल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. वंदना चालू असताना मेश्राम जागेवरून गरजले, "मागं काय हाये? बुद्ध समोर हाये. समोर पाहा!" भन्तेजींनी डोळे मिटून घेतले. शांतीची वंदना इतक्या दरडावून झालेली मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही.

आता शनिवार. गल्लीच्या टोकाला मारुतीचं लहानसं देऊळ आहे. त्याच्या समितीचा मी सचिव. समितीत चार जण, त्यातले दोघे कधी येत नाहीत आणि तिसऱ्याला काही सांगता येत नाही, त्यामुळे समिती म्हणजे मीच. मेश्राम देवळात येतात, पण हात जोडत नाहीत, टिळा लावत नाहीत, प्रसादाचे फुटाणे मात्र मूठभर घेतात. त्यांचं तिथे एकच काम. घंटा उंचावर आहे, तिच्या आखूड दोरापर्यंत वहिनींचा हात पोचत नाही, म्हणून लग्नापासून घंटा हे वाजवतात. आधी बऱ्या माणसासारखी वाजवायचे. अलीकडे मात्र आग लागल्यासारखी तीन वेळा बडवायला लागले. माझं हातातलं स्तोत्राचं पुस्तक एकदा खाली पडलं.

देवळासमोरच्या घरातली मुलगी परीक्षेच्या अभ्यासाला बसली होती. तिच्या आईने तक्रार केली. मला निमित्तच पाहिजे होतं. मी स्टूल घेतलं, घरून आपलं जुनं बनियन आणलं आणि घंटेच्या लोलकाला आतून असं गच्च बांधलं की खालून बघणाऱ्याला काही दिसू नये. मग मी खाली उतरून घंटा हलवून पाहिली. आवाज आला 'थप्'. इतकं समाधान मला शाळेचा निकाल लागल्यावरही कधी झालं नव्हतं.

शनिवारी मेश्रामांनी हात वर करून दोर ओढला. थप्. पुन्हा ओढला. थप्. वहिनी हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी डोळे उघडून वर हलणाऱ्या घंटेकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं आणि पायऱ्या उतरून गेल्या.

"घंटा कोणं बांधली?" मेश्राम माझ्यावर धावून आले.

"मी!" मी सवयीने ओरडलोच.

"काहून?"

"पोरीचा अभ्यास आहे! आणि तुम्ही तर देवाला हातसुद्धा जोडत नाही. तुमचा काय संबंध?"

"देवाशी नाही माया संबंध. घंटेशी हाये!" असं म्हणून ते माझ्या हातातले फुटाणे न घेता गेले.

मी खूश झालो. पुढचे दोन शनिवार जोडी आली नाही. मी शांतपणे स्तोत्र वाचलं. मधल्या दोन्ही रविवारी मी गावाला गेलो होतो. त्यानंतरच्या रविवारी पोह्याच्या ठेल्यावर गेलो तर मेश्राम रस्त्याच्या पलीकडे स्कूटरवर एकटेच बसलेले. त्यांनी एक प्लेट बांधून मागितली होती आणि तर्री वेगळ्या पिशवीत नाही दिली तर पोह्याचा लगदा होतो, यावरून त्यांचं भांडण नुकतंच होऊन गेलं होतं. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि पोहेवाल्याला पुटपुटत म्हणालो, "दोन शनिवार देवळात काय शांतता आहे! बहिरा येत नाही ना."

पोहेवाला म्हणाला, "काय?"

आणि रस्त्याच्या पलीकडून आवाज आला, "बहिरा कोणाले म्हणून राहिला गा मास्तर?"

मी वळलो. आमच्या मधून हिंगण्याकडे जाणारी कंपनीची बस गेली, तिच्यामागून दोन मोटारसायकली गेल्या. माझ्या बाजूच्या पोहेवाल्याला जे ऐकू आलं नव्हतं, ते या माणसाला रस्त्यापलीकडे ऐकू आलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तरातरा रस्ता ओलांडला.

"म्हणजे तुम्हाला ऐकू येतं!"

"सारंच येते. तू मले खडूस म्हणते, तेही येते."

"मग दोन वर्षं आम्हाला कशाला ओरडायला लावून राहिले? माझा घसा बसला इथे!"

मेश्रामांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग जे बोलले ते इतक्या हळू बोलले की मलाच पुढे वाकावं लागलं.

"कुसुमले येत नाही."

मी स्कूटरला टेकून आणखी जवळ सरकलो.

"पह्यले मले वाटलं, रुसून राहिली. हाक मारली तं वळेच ना. मंग आमच्या पोरीच्या सासरी कोणं पाणी विचारलं, तं हिनं वय सांगितलं. सारे हासले. घरी आली अन् बाहेर निघणंच सोडलं. तीन महिने! ना शनिवार, ना पौर्णिमा, ना पोहे. मशीन लावू म्हटलं तं म्हणे, म्या नाही लावत, लोकं हासतील." त्यांनी हातातली तर्रीची पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली. "मंग म्या ठरवलं. दोघातून एकाले बहिरं व्हाच लागते, तं मी होतो. मले का लाज हाये? मायावर हासाले कोणाची हिंमत नाही. आता सारे जोरात बोलतात, तोंड दाखवून बोलतात. तिले वाटते मायासाठी बोलतात. मलेच म्हणते, मशीन लावा जी, लोकायले किती तरास!"

रिटायर झाल्यावर चार वर्षांनी माणसाचे कान मशीन कसं खाईल, हा साधा प्रश्न मला दोन वर्षांत पडला नव्हता.

"आणि घंटा?" मी विचारलं, पण उत्तर मला कळायला लागलं होतं.

"देवळात तिले दुसरं काही ऐकू येत नाही. आरती नाही, तुयं स्तोत्र नाही. घंटा तेवढी येत होती. त्या दिवशी घरी गेल्यावर विचारते, घंटा वाजली होती का जी? म्हटलं, नाही वाजली, मास्तरानं बांधली. तं मले म्हणते," आणि इथे मेश्रामांचा आवाज फाटला, "म्हणते, तुमाले तरी कुठं ऐकू येते! तिले वाटते, आता घंटा बी गेली. मी आता कोणत्या तोंडानं सांगू? मी तं बहिरा हावो ना!"

ते माझ्यावर चिडून बघत राहिले. त्या रागाला मी लायक होतो. मला माझाच इतका राग आला की मी पोहे न खाताच निघालो.

देवळात गेलो, स्टूलवर चढलो. गाठ मीच मारलेली, सुटता सुटेना. शेवटी दाताने सोडली. मग ते बनियन हातात घेऊन मी मेश्रामांच्या फाटकापाशी उभा राहिलो आणि आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तसा बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"वहिनी! घंटा मी बांधली होती! हे बघा! माझं बनियन!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. समितीचा सचिव, निवृत्त मास्तर, भर सकाळी हातात फाटकं बनियन फडकावत ओरडतोय, हे सगळ्यांनी पाहिलं. कुत्रा भुंकायला लागला. वहिनी ओसरीवर आल्या. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बनियनकडे पाहिलं. मी एका हाताची घंटा केली, दुसऱ्या हाताने तिला बनियन गुंडाळून दाखवलं आणि पुन्हा ओरडलो, "वाजतच नव्हती! कुणालाच ऐकू आली नाही!"

वहिनी ओसरीच्या खांबाला धरून मटकन खाली बसल्या. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या.

देवळासमोरच्या मुलीच्या आईला मी सांगून आलो की शनिवारी संध्याकाळी तीन ठोके पडतील, आणि काही म्हणायचं असेल तर मला म्हणा. ती घाईघाईने "चालेल, चालेल" म्हणाली. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी मेश्राम उतरले असावेत.

शनिवारी जोडी आली. मेश्रामांनी दोर धरला आणि घंटा तीन वेळा बडवली. माझ्या कानात दडे बसले. वहिनींचे डोळे मिटलेले होते. तिसऱ्या ठोक्यानंतरही नाद बराच वेळ घुमत राहिला आणि तो पुरता संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

मग त्या माझ्याजवळ आल्या आणि आपल्या मते हळूच, पण सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, यायच्यासाठी सोडली ना घंटा? लय बरं केलं. यायले बिचाऱ्यायले काहीच ऐकू येत नाही."

मेश्राम दोन पावलांवर उभे होते. मूठभर फुटाणे तोंडात टाकून त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले.

"काय म्हणून राहिली गा ही? जोरात बोल!"

"वहिनी म्हणतात," मी ओरडलो, आणि गाभाऱ्यातल्या मारुतीलासुद्धा ऐकू जावं इतका आवाज चढवला, "तुम्हाला काहीच ऐकू येत नाही!"

"हो मंग!" मेश्राम गरजले. "नाहीच येत!"